ऊन चढायच्या आत: सोलापूरहून हम्प्ता पास आणि चंद्रताल

उन्हाळ्यात पहाटेच कामाला लागायचं, हे सोलापूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. शेतातली खुरपणी असो, मार्केट यार्डातली उतरवणी असो की सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालणं असो, ऊन चढायच्या आत उरकलेलं बरं. हिमाचल प्रदेशातल्या हम्प्ता पासवर नेमकी हीच सवय कामाला येते, कारण मात्र निराळं. तिथलं ऊन बर्फाला लागतं. सकाळी सहाला पोटरीपर्यंत असलेला ओढा दुपारी तीनला मांडीला लागतो. पहाटे टणक असलेला बर्फ बारानंतर गुडघाभर खचतो. खिंडीवर दुपारी ढग बसतात आणि वारा सुटतो. ह्या वाटेवर बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी उशिरा निघणं असतं, म्हणून पुढे जे लिहिलंय त्यात घड्याळ पुन्हा पुन्हा येईल.

मनालीच्या पूर्वेला, पीर पंजाल रांगेत, साधारण ४२७० मीटर उंचीवर ही खिंड आहे. अलीकडे कुलूचं हिरवं खोरं, पलीकडे लाहौलचा उजाड मुलूख. हा फरक आपल्याला लगेच कळतो. सह्याद्री ढग अडवतो म्हणून सोलापूर पर्जन्यछायेत येतं. तसाच पीर पंजाल ढग अडवतो आणि लाहौल-स्पिती कोरडं राहतं. आपल्याकडे महाबळेश्वर ते सोलापूर हा बदल बघायला काही तास गाडी चालवावी लागते. तिथे एका दिवसाच्या चालीत कुरणं आणि भूर्जाची झाडं मागे पडून नुसता दगड, माती आणि वारा उरतो.

वाट अशी: मनालीहून जीपने जोब्रा, तिथून चालत चिका, दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून सियागोरू, चौथ्या दिवशी छत्रू, आणि छत्रूहून गाडीने चंद्रताल हा तलाव. चालण्याचं अंतर एकूण पंचवीस-तीस किलोमीटर भरतं. आकडा लहान दिसतो आणि तिथेच अंदाज चुकतो, कारण तिसऱ्या दिवशीच्या आठ-नऊ किलोमीटरना आठ-नऊ तास लागतात.

केव्हा जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पण ह्या साडेतीन महिन्यांत तीन वेगवेगळे ट्रेक लपलेत. जूनमध्ये खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ असतो. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स आणि बर्फ बुटात जाऊ न देणारे गेटर्स दोन्ही लागतात, आणि चंद्रतालचा रस्ता उघडलाय की नाही हे मनालीतच विचारून घ्यावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या बाजूला पाऊस, चिखल आणि रानफुलं; मंडी-कुलू महामार्गावर दरडी कोसळतात, त्यामुळे खरा खोळंबा डोंगरात होण्याऐवजी बसमध्ये होतो. सप्टेंबरमध्ये आभाळ स्वच्छ, ओढ्यांना पाणी कमी, रात्री मात्र पारा शून्याखाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवू. बर्फावर चालायची हौस असेल तर जूनचा शेवटचा आठवडा, तोही वाटाड्यासोबतच.

महिना कुठलाही असो, दोन दिवस हातचे ठेवा. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौलमध्ये अवेळी जोरदार बर्फ पडला आणि ट्रेकर अडकले. जुलै २०२३ मध्ये तर भर पावसाळ्यात चंद्रतालला बर्फ पडून अडीचशेहून जास्त पर्यटक काही दिवस तिथल्या तंबूंत अडकून पडले होते. परतीचं रेल्वे आरक्षण ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढलं, की माणूस नको तेव्हा नको त्या ओढ्यात पाय घालतो.

४५८ मीटरवरून

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटरवर आहे. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला नेते. दिल्लीत काश्मीरी गेटच्या बसस्थानकावरून रात्रीची बस धरली की बारा-चौदा तासांत मनाली. मनालीची उंची साधारण २०५० मीटर. इथपर्यंत शरीर काही तक्रार करत नाही. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी येतो. ही तूट शरीर भरून काढतं, पण त्याला दिवस लागतात. व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. रोज दहा किलोमीटर धावणारा मुलगा आडवा पडतो आणि सावकाश चालणारी त्याची मावशी खिंड पार करते, असं डोंगरात नेहमी होतं. धावणारा जोरात चढतो आणि डोकेदुखी मित्रांपासून लपवतो.

३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हा साधा नियम. तो ह्या वाटेला लावून बघा. चिका साधारण ३१०० मीटरवर आहे. बसमधून उतरून त्याच दिवशी तिथे झोपायला गेलात, तर दोन दिवसांत अडीच हजार मीटरहून जास्त चढलात. म्हणून मनालीत एक रात्र पक्की, आणि जमलं तर दुसरी रात्र सेथन गावात, साधारण २७०० मीटरवर. जोब्राच्या रस्त्यावरच ते गाव लागतं. संध्याकाळी गावाच्या वरच्या कुरणापर्यंत चालून यायचं आणि खाली येऊन झोपायचं. ह्या एका जादा रात्रीमुळे पुढच्या तीन रात्री नीट जातात. खर्च वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा.

सरावासाठी सोलापूर सपाट आहे ही तक्रार खरी, पण जिन्याला कुणी अडवलेलं नाही. आठ आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून तीन दिवस इमारतीचे जिने चढणं-उतरणं, पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ४, ६ आणि शेवटी १० किलो. वेळ पाऊण तास. वजन बाटल्यांचंच घ्यावं, म्हणजे गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून देऊन हलकं उतरता येतं. उतरण्याकडे विशेष लक्ष द्या. खिंडीपलीकडचा उतार तीव्र आणि घसाऱ्याचा आहे. दम सगळ्यांना लागतो, पण दुसऱ्या दिवशी लंगडत चालणारे बहुतेक मांडीचे स्नायू तयार न केलेले असतात. रविवारी तुळजापूरच्या घाटात किंवा नळदुर्गच्या किल्ल्यावर तीन-चार तास सलग चाल, तीही पहाटे. महिन्यातून एकदा पुण्याकडे जाऊन राजगड किंवा तोरणा पाठीवर सॅक घेऊन करता आला तर उत्तम. एक गैरसमज मात्र काढून टाका: कळसूबाई केलं म्हणजे उंचीची सवय झाली, असं होत नाही. महाराष्ट्राचं हे सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे मनालीपेक्षाही खाली.

सॅकमध्ये काय आणि काय नाही

सोलापुरी चादर घरी ठेवा. तिच्याबद्दल प्रेम आहेच, पण ती सुती आहे. दवाने भिजली की वजन वाढतं आणि ऊब जाते. सोलापुरी टॉवेलचंही तेच. त्याऐवजी पातळ पंचा न्या, तो तासाभरात वाळतो. सुती बनियन आणि जीन्स ह्यांनाही हीच अडचण: चढताना घामाने भिजतात, थांबल्याबरोबर वाऱ्यात अंग गार पाडतात. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा सदरा), त्यावर भरीव जॅकेट, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं कवच. चालताना पहिले दोन पुरतात. थांबलात की तिसरं लगेच चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका. सांगोल्याकडची घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे; हम्प्ताच्या कुरणांवर भेटणारे गद्दी मेंढपाळही जाड लोकरच पांघरतात. पण घोंगडीचं ओझं पाठीवर वागवत खिंड चढायची, तर तेवढ्याच वजनात पूर्ण स्लीपिंग बॅग आणि मॅट बसते.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचे दोन आकडे वाचा. एक कम्फर्टचा, म्हणजे किती थंडीपर्यंत आरामात झोप लागेल तो; दुसरा लिमिटचा, म्हणजे किती थंडीपर्यंत कशीबशी रात्र निघेल तो. दुकानदार लिमिटचा आकडा सांगतो, झोप कम्फर्टच्या आकड्यावर लागते. कम्फर्ट उणे ५ अंश असलेली बॅग जुलै-ऑगस्टला चालेल, सप्टेंबरला उणे १० ची घ्या. खाली मॅट नसेल तर महागडी बॅगही उपयोगाची नाही, कारण अंगाच्या भाराने खालचा भराव दबतो आणि थंडी जमिनीतून येते.

बूट घोट्यापर्यंतचे, निघण्याआधी निदान ५० किलोमीटर चाललेले. पुढच्या बाजूला अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नखं निघायच्या आधी कापा. टाचेला गरम चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून कापडी चिकटपट्टी लावायची. पुढच्या विश्रांतीला बघू म्हणालात की फोड आलाच. ओढ्यांसाठी मागे पट्टा असलेले सँडल वेगळे. अनवाणी पाण्यात उतरू नका. बर्फाच्या पाण्यात मिनिटाभरात तळवे बधिर होतात आणि दगड कुठे रुतला ते कळत नाही.

चालताना टेकायचे दोन पोल, हेडटॉर्च, पूर्ण अतिनील किरणं अडवणारा गॉगल (बर्फावर तो काढलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते), एसपीएफ ५० चं क्रीम, कानटोपी, दोन जोड हातमोजे, लोकरी मोज्यांचे तीन जोड. त्यातला एक जोड फक्त झोपायला, बाकी काही झालं तरी तो ओला करायचा नाही. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं आणि पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच. म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं त्यात भरावं. जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या खाली. खेचरवाला घेतला असेल तर पाठीवर ५-६ किलो. सगळं स्वतः वाहणार असाल तर १४ किलोच्या वर जाऊ नका.

खाणं

इथे सोलापूरकराचं पारडं जड आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही ट्रेकसाठीच बनवल्यासारखी जोडी आहे. भाकरीत पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती हलकी आणि आठवडाभर सहज टिकणारी. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या पुढे कॅलरी, वर मीठ-लसूण असल्याने उंचीवर मेलेली भूक थोडी जागी होते. दोघांना चार दिवसांसाठी पाव किलो चटणी पुरते. मात्र तिखट नेहमीच्या निम्मं घालून वेगळी कुटून घ्या, रिकाम्या पोटी उंचीवर जळजळ लवकर होते. भाकरीचे दोन शत्रू: दाब आणि ओल. गोल स्टीलच्या डब्यात, प्रत्येक थरात कागद घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून न्या. तरीही चुरा झालाच तर तो गरम सूपमध्ये टाकायचा. सोबत गूळ, खारीक, राजगिऱ्याची वडी.

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सियागोरूला पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात तिथे शिजतच नाही, गॅस संपतो. मुगाची किंवा मसुराची डाळ, तीही तासभर भिजवून, किंवा सरळ पोहे, उपमा, शेवया. गॅसचे डबे रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, ते मनालीतच घ्या आणि घेताना आत आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण आहे ना ते बघा. नुसतं ब्युटेन शून्य अंशाजवळ वायूच होत नाही. पहाटे ज्योत मिणमिणते आणि चहाला अर्धा तास लागतो. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. मोबाइल आणि बॅटऱ्याही तिथेच.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. ओढे स्वच्छ दिसतात, पण वरच्या कुरणांवर मेंढ्यांचे कळप असतात, त्यामुळे उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावं. पाणी बर्फगार असल्याने गोळीला वेष्टणावर दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ द्या. कळपाजवळून जाताना राखणीच्या कुत्र्यांपासून लांबून वळसा घ्या. मेंढ्यांच्या मधून वाट काढू नका.

चालताना

जोब्रा ते चिका दोन तासांची सोपी चाल. चिका ते बालू का घेरा पाच तास, मध्ये ज्वारा नावाच्या कुरणाजवळ ओढा ओलांडावा लागतो. जूनमध्ये इथे पाण्यावर बर्फाचा पूल असतो. तो मधे पातळ आणि कडांना पोखरलेला असतो. पोल आपटून पोकळ आवाज आला तर तिथून जायचं नाही, आणि जाताना एकेकाने जायचं. पुढे वाट मोठमोठ्या दगडांतून जाते. बालू का घेरा म्हणजे नदीने आणलेल्या वाळूचं रिंगण, ३६०० मीटरच्या वर. तंबू वाळूच्या सपाटीवर न लावता थोड्या उंचवट्यावर लावा, रात्री पाऊस झाला तर ती सपाटी नदीची असते.

ह्या मुक्कामावर ट्रेकचा खरा निर्णय होतो. इथून परत जोब्राला उतरणं एका दिवसाचं काम आहे. खिंड ओलांडून सियागोरूला पोचल्यावर मात्र मागे यायला परत खिंडच चढावी लागते, आणि पुढची वाट छत्रूपर्यंत चालूनच संपते. तेव्हा संध्याकाळी गटातल्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, उलटी-मळमळ आहे का, काल झोप लागली का. नुसती हलकी डोकेदुखी असेल तर पाणी, जेवण, विश्रांती. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गळून जाणं असेल तर तो माणूस वर जाणार नाही. तिथेच एक दिवस थांबायचं, आणि सुधारणा नसेल तर खाली. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळे दिसतात, किंवा एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नाहीत, तर रात्र असली तरी टॉर्च लावून उतरवायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी धरू लागल्याच्या ह्या खुणा आहेत आणि उंची कमी करणं हाच त्यावरचा खरा इलाज. डायमॉक्सची गोळी (अ‍ॅसेटाझोलामाइड) बरेच जण घेतात, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. ती सोलापुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायलाच हवं. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वारंवार होते, त्याने घाबरू नये. पण गोळी घेतली म्हणून वरची लक्षणं दिसत असताना चढायचं नाही.

खिंडीच्या दिवशी चारला उठून पाचच्या सुमारास निघा. चढ एकदम संपत नाही. हीच खिंड, असं वाटायला लावणारे दोन-तीन उंचवटे आधी येतात आणि तिथे मन खचतं, म्हणून गटाला आधीच सांगून ठेवावं. सर्वांत सावकाश चालणारा पुढे, त्याच्या गतीने सगळे. बोलताना धाप लागत असेल तर गती जास्त आहे. दर तासाला पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही, अंग गार पडतं. बर्फ असेल तर चढताना बुटाचं टोक आपटून पायरी करायची, उतरताना टाच रोवायची. बसून घसरत जायचा मोह सगळ्यांना होतो. खाली दगड उघडे आहेत का ते दिसत नसेल तर नाहीच, आणि मायक्रोस्पाइक्स पायात असताना तर कधीच नाही, खिळा बर्फात अडकला की घोटा पिरगळतो.

बारापर्यंत माथ्यावर पोचला नाहीत, तर परत बालू का घेराला फिरा. ही वेळ निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवायची. दमलेल्या, अर्ध्या तासावर खिंड दिसत असलेल्या माणसाने तिथे ठरवलेली वेळ पुढेच सरकते. माथ्यावर इंद्रासन (६२२१ मीटर) समोर उभं असतं. अर्धा तास पुरे. मग पलीकडचा घसरडा उतार, पोल थोडे लांब करून, एकामागोमाग एक न चालता तिरकं अंतर ठेवून, कारण वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. सियागोरूला वारा बोचतो. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करा आणि खुंट्यांवर दगड ठेवा.

सकाळी सियागोरूहून निघाल्याबरोबर ओढा ओलांडायचा असतो. रात्रीच्या थंडीने पाणी उतरलेलं असतं तेव्हाच, म्हणजे सहा-सातला. पाणी फेसाळतंय आणि अरुंद आहे अशी जागा टाळा. पात्र जिथे पसरलंय तिथे खोली कमी. सॅकचा कंबरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोन पोल आणि एक पाय जमिनीवर असतानाच दुसरा पाय उचलायचा. तीन-चार जणांनी एकमेकांचे दंड धरून, सर्वांत भारी माणूस वरच्या अंगाला ठेवून ओलांडलं तर जास्त बरं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर थांबा. पलीकडे जाऊन पाय कोरडे करून लोकरी मोजे घालेपर्यंत फोटो नाहीत. तिथून छत्रूपर्यंत चार तासांचा उतार.

चंद्रताल

छत्रू ते चंद्रताल रस्ता पंचेचाळीसेक किलोमीटर, पण तीन-चार तास घेतो. बातलपर्यंत दगडगोट्यांचा रस्ता, मध्ये रस्त्यावरूनच वाहणारे नाले, आणि बातलनंतर शेवटचे १४ किलोमीटर अरुंद. नालेही उन्हाने फुगतात. छत्रूला दुपारी उतरून लगेच गाडीत बसण्यापेक्षा तिथेच मुक्काम करून सकाळी सातला निघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मनालीहून थेट गाडीने एका दिवसात चंद्रतालला येणाऱ्यांना तिथे रात्री डोकेदुखी गाठते. खिंड चालून आलेल्यांना ती सहसा होत नाही, कारण त्यांचं शरीर आधीच ४२७० मीटर बघून आलेलं असतं.

तलाव साधारण ४३०० मीटरवर, चंद्रकोरीच्या आकाराचा. २००५ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. क्षेत्र ४९ हेक्टर. काठावर तंबू लावायला बंदी आहे, तंबूंची वस्ती दोन-तीन किलोमीटर अलीकडे असते. गाडीतळापासून किलोमीटरभर चालावं लागतं आणि काठाने पूर्ण फेरी तासाभरात होते. पाण्यात उतरू नका, साबण तर नाहीच. उजनीच्या पाणलोटावर हिवाळ्यात दिसणारं केशरी चक्रवाक इथे उन्हाळ्यात दिसतं. काठावर शांत बसलात तर जोडी जवळून पोहत जाते. दुपारी पाणी वाऱ्याने चुरगळलेलं असतं. सकाळी साडेपाच ते सात ह्या वेळात डोंगरांचं प्रतिबिंब अखंड असतं, त्यासाठी आदल्या रात्री वस्तीतच झोपायला हवं.

सेथनच्या पुढे फोन लागणार नाही असंच धरून चाला. घरी निघतानाच सांगून ठेवा की पाच-सहा दिवस आवाज येणार नाही आणि अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करायची. वनखात्याचे परवाने आणि शुल्क मनालीतच विचारून भरावं, नियम हंगामागणिक बदलतात.

परतताना चंद्रतालहून सकाळी आठच्या आत गाडी हलली पाहिजे, म्हणजे छत्रूच्या अलीकडचे नाले दुपार व्हायच्या आत मागे पडतात. ग्राम्फूला रोहतांगचा फाटा सोडून कोकसरकडे उतरा आणि अटल बोगद्यातून मनाली गाठा. ३ ऑक्टोबर २०२० पासून खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा संध्याकाळच्या बसआधी पोचवतो.

हातचा दिवस शिल्लक राहिला असेल तर बोगद्यात न शिरता सरळ केलाँगच्या दिशेने जावं. केलाँगच्या सात-आठ किलोमीटर अलीकडे तांदी लागतं. चंद्रतालचं पाणी ज्या नदीला मिळतं ती चंद्रा इथे सूरजतालकडून येणाऱ्या भागा नदीला मिळते आणि पुढे दोघी मिळून चंद्रभागा होतात. जम्मूत शिरल्यावर तीच चिनाब. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि इथे त्याच नावाच्या नदीत चंद्रकोरीच्या तलावाचं पाणी असतं. संगमाच्या अंगाला उतरायला वाट आहे. सकाळी लवकर गेलात तर पाणी कमी असतं आणि दगडांवर बसून पाय बुडवता येतात.